चवथीची चिकटवही

२०१६ च्या जानेवारीत आमची काकी गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची म्हणून फोटोची शोधाशोध सुरू झाली, आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं की काकीचा फोटोच नाही.

फोटो नव्हते असं नाही. माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात अल्बम आहेत, पाकिटं आहेत, सुटे फोटो आहेत. डिचोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी चवथीला सगळे जमतात. कोणी पणजीहून, कोणी मडगावहून, चुलत बहीण बेळगावहून. त्यामुळे पेटीतले बहुतेक फोटो चवथीचेच. गणपती, माटोळी, फटाके उडवणारी मुलं, घुमट वाजवणारे काका, पंगतीत जेवणारे पाहुणे. पंगतीत वाढलेली पानं दिसतात, त्यांतली खतखतं दिसतं, वडे दिसतात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिसतात. हे सगळं करणारी बाई मात्र कुठेच नाही.

रात्री अकराच्या सुमारास चुलत बहिणीला एक फोटो सापडला. १९९८ ची चवथ. मध्यभागी आम्ही पाच-सहा भावंडं नवीन कपडे घालून उभे आणि उजव्या कडेला, माजघराच्या दारात, नेवऱ्यांचं ताट धरलेला एक हात. हात, अर्धा पदर आणि दोन हिरव्या बांगड्यांत एक सोन्याची पाटली. त्या पाटलीवरून बहिणीने ओळखलं, "ही आई." पुढे ती काही बोलली नाही.

शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतला. ओळखपत्रावरचे फोटो कसे येतात ते मी वेगळं सांगायला नको. आजही भिंतीवर तोच आहे. चेहरा काकीचा आहे, पण त्या चेहऱ्याने आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

या गोष्टीतली माझी बाजू सांगायला हवी, कारण ते सगळे फोटो मी काढले होते. दहावीनंतर वडिलांनी एक साधा कॅमेरा घेऊन दिला होता. छत्तीस फोटोंचा एक रोल पूर्ण चवथीला पुरवायचा, धुण्याचा आणि प्रिंटचा खर्च वेगळा, त्यामुळे एकेक फोटो मोजून काढायचा. गणपतीचे चार, माटोळीचे दोन, आरतीचे तीन, विसर्जनाचे पाच असा माझा हिशेब असे. स्वयंपाकघरात अंधार, चुलीचा धूर, फ्लॅश वाया जायचा. तरी एक-दोनदा मी दारात उभं राहून काकीला बाहेर बोलावलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं: "म्हजो फोटो कित्याक रे? दूद रांदणीर आसा." आणि खरं सांगायचं तर एक फोटो वाचला म्हणून मला बरंच वाटायचं.

त्या वर्षीच्या चवथीला आम्ही चिकटवही सुरू केली. चिकटवही हा शब्द आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. आमच्या वेळी बाई सांगत, फळांची चित्रं चिकटवून आणा, थोर पुरुषांची चित्रं चिकटवून आणा. मग जुन्या मासिकांवर कात्री चालायची आणि घरात भाताच्या शितांनी सगळं चिकट व्हायचं. मोठ्या माणसांची ती कात्रणवही. अमेरिकेत आणि इतर देशांत हा फार मोठा छंद आहे. मार्क ट्वेन या प्रसिद्ध लेखकाने १८७३ मध्ये चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांना आधीच गोंद लावलेला, पाण्याचा हात फिरवायचा की चिकटलं. तिकडे आता या छंदासाठी खास कागद, नक्षीच्या कात्र्या, स्टिकर असं सगळं दुकानात मिळतं आणि मंडळी एकमेकांना कामगिऱ्या घालून देतात. एकाच रंगाचं पान करा, नुसत्या तिकिटांचं पान करा, डिसेंबरात नाताळपर्यंत रोज एक पान करा, अशा.

आमची पुतणी तेव्हा शाळेत होती. तिने रंगीत कागद आणि चकचकीत फुलं आणली होती. ती फुलं चार दिवसांत गळाली. पण कामगिरीची कल्पना आम्ही उचलली. दर चवथीला एक कामगिरी, आणि ती विसर्जनाच्या आत पुरी करायची.

पहिल्या वर्षाची कामगिरी होती नावं. पेटीतल्या प्रत्येक फोटोच्या मागे कोण, कुठे, केव्हा हे लिहायचं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. आवक क्रमांक नसलेला कागद किती लवकर अनाथ होतो हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्याच घरात असे अनाथ कागद इतके निघतील असं वाटलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याला सोप्यावर बसवलं आणि एकेक फोटो तिच्या हातात देत गेलो. ती कधी नाव सांगायची, कधी नावाच्या आधी त्या माणसाचं पूर्ण चरित्र. मुलं पेन्सिलीने मागे लिहीत होती. (पेन्सिलच वापरा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाईही उतरते.) पंधरा-वीस चेहरे आत्यालाही ओळखता आले नाहीत. "हांका वळखपी आतां कोण ना," ती म्हणाली. पाच वर्षं आधी बसलो असतो तर काकीने त्यांतले निम्मे ओळखले असते.

एका फोटोवरून वडील आणि आत्या यांची जुंपली. वडील म्हणत, हा गोव्याला घटकराज्य मिळालं त्या वर्षीचा, म्हणजे १९८७ चा. आत्या म्हणे, छे, त्याच्याही दोन वर्षं आधीचा. मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर दिसत होतं. भिंग लावून पाहिलं. वर्ष वाचता येईना, पण महिना ऑगस्ट होता आणि एक तारीख शनिवारी होती. १९८७ च्या एक ऑगस्टला शनिवार येतो. शिवाय १९८५ ची चवथ सप्टेंबरात होती. वडील जिंकले. आत्या रागावून आत गेली आणि चहाच्या वेळी परत आली. फोटोतली भिंत, घड्याळ, कॅलेंडर, दारातल्या चपला, हे सगळं पुरावा असतं हे तेव्हा मुलांना कळलं. आता फोटो काढताना "मागचं नको येऊ दे" असं त्यांना कोणी सांगितलं तर ती ऐकत नाहीत.

दुसऱ्या वर्षीची कामगिरी माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला काय काय बांधलं, त्याचं पान. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, नीरफणस, आंबाडे, करमल, कवंडळ, माट्टी, घागऱ्यो, कांगलां... फोटोत हे सगळं हिरव्या-पिवळ्या गोळ्यासारखं दिसतं. म्हणून मुलांनी प्रत्येक वस्तूचं चित्र काढलं, शेजारी नाव लिहिलं आणि ती कुठून आली तेही लिहिलं: परसातून, डोंगरावरून की बाजारातून. ते पान मला आज फार मोलाचं वाटतं. त्या वर्षी आठ वस्तू डोंगरावरून आल्या होत्या. अलीकडे आम्ही त्यांतल्या बहुतेक डिचोलीच्या बाजारात विकत घेतो. ते झाड कुठे आहे हे ज्याला ठाऊक होतं तो गडी म्हातारा झाला, आणि एका बाजूचा डोंगरही पूर्वीसारखा उरलेला नाही. आम्हाला हे निबंध लिहून कळलं नाही. दोन वर्षांची दोन पानं शेजारी ठेवली आणि दिसलं.

तिसरी कामगिरी मी घातली: ज्याचा फोटो नाही त्याचं पान करा. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. बहिणीने कोठीची खोली पालथी घातली. तांदळाच्या कणगीमागे खिळ्याला कालनिर्णयच्या जुन्या पानांची चवड टांगलेली मिळाली. सगळी ऑगस्ट-सप्टेंबरची पानं, दर वर्षाची. काकी चवथीचा हिशेब त्यांच्यावर लिहून ठेवत असे आणि पुढच्या वर्षी त्यावरून सामान मागवत असे. नारळ ४०. गूळ ५ किलो. रवा, मैदा, खसखस. हळदीची पानं परसात. नेवऱ्या ३०० (मागल्या वर्षी कमी पडल्या). एका पानाच्या तळाशी, तारखांच्या चौकटींच्या बाहेर, बारीक अक्षरात दोनच शब्द होते: "पाय दुखतात."

ते कोणाला सांगायला लिहिलेलं नव्हतं. सांगायचं असतं तर ती बोलली असती.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा जाणवली. काकी जन्मभर कोकणी बोलली. मुलांना रागावली कोकणीत, देवाकडे मागितलं तेही बहुधा कोकणीतच. पण हिशेब मराठीत, "पाय दुखतात" हेही मराठीत. गोवा मुक्त झाला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तिथे ती चौथीपर्यंत शिकली. बोलायची भाषा एक आणि हातात पेन्सिल आली की दुसरी, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्या चवडीतली पाच पानं आम्ही चिकटवली. चिकटवली म्हणजे कागदी कोपऱ्यांत अडकवली, गोंद लावण्याचा धीर झाला नाही. शेजारी १९९८ चा तो हाताचा फोटो लावला. खाली बहिणीने फक्त नाव, जन्मवर्ष आणि "नेवऱ्या ३००" एवढं लिहिलं.

इथे थोडं व्यवहाराचं सांगतो, कारण आमच्या चुकांतून कोणाचं तरी वाचेल. गोव्याच्या हवेत कागद टिकवणं सोपं नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि कसर तर बारा महिने जेवायला बसलेली. आमच्या पेटीत सर्वांत वाईट अवस्था ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या त्या 'आधुनिक' अल्बमांची होती. चिकट पान, वर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद, आठवतात ना? त्या पानांचा गोंद आम्लधर्मी, तो पिवळा पडतो, फोटो डागाळतो आणि मग असा धरतो की काढायला गेलं तर फाटतोच. जमतील तेवढे फोटो आम्ही दात घासायच्या दोऱ्याने, मागून हळूच ओढत सोडवले. जे सुटेनात ते पानासकट ठेवले आणि त्यांचे आधी फोटो काढून घेतले. याच्या उलट आजोबांच्या वेळचे काळे-पांढरे फोटो, जाड पुठ्ठ्यावर कागदी कोपऱ्यांनी लावलेले, अजून स्वच्छ आहेत.

पूर्वी खळ करताना कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. जुने बाइंडर घालतच. पण मोरचूद विषारी, मुलं जिथे बोटं चाटत काम करतात तिथे नको, आणि फोटोला तर कोणतीच खळ नको. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडून शेजारच्या फोटोलाही डागाळतं, म्हणून कात्रणाची झेरॉक्स काढून ती लावावी. बसचं किंवा दुकानाचं हल्लीचं गुळगुळीत तिकीट लावाल तर वर्ष-दोन वर्षांत कोरा कागद उरेल. उष्णतेने उमटणारी छपाई ती, तिचीही झेरॉक्सच हवी. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि पाऊस संपला की दसऱ्याच्या सुमारास एक दिवस सावलीत, वाऱ्याला उघडी ठेवा.

मोबाइलची अडचण निराळी. छत्तीस फोटोंत काकी मावली नाही. हल्ली तीन दिवसांत सातशे फोटो निघतात आणि पुढच्या चवथीला त्यांतला एकही सापडत नाही. आमचा नियम असा की वर्षाला बाराच फोटो छापायचे. सातशेंतून बारा निवडताना जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात.

२०२० ची चवथ २२ ऑगस्टला होती. त्या वर्षी कोरोनामुळे मूळ घरी फक्त वडील, आई आणि थोरला चुलत भाऊ. गणपती दीड दिवसाचा. आरती आम्ही फोनवर केली. घुमट एका घरात, शामेळ दुसऱ्या घरात, आणि ताल एकाचाही दुसऱ्याला लागेना. त्या पानावर फोटो नाही. कोण कुठे होतं आणि कोणी काय रांधलं याची यादी आहे. पुढच्या वर्षापर्यंत आत्या गेली. तिच्या घरासमोर तिने स्वतः सांगितलेलं आहे: "मुगागाठी, एकटीसाठी."

सर्वांत अवघड पान मात्र २०२३ चं. तोवर वही मागे मागे जात २००३ आणि २००४ पर्यंत आली होती, आणि त्या दोन वर्षांचा एकही फोटो पेटीत नव्हता. कारण मोठ्यांना माहीत होतं, मुलांना नव्हतं. परसाच्या वाटणीवरून वडील आणि काका यांचं बिनसलं होतं. एकाच घरात दोन चुली, एकाच गणपतीपुढे दोन वेळा आरती. फोटो कोण कोणाचा काढणार? कॅमेरा मी कपाटातून काढलाच नव्हता.

चुलत भावाचं म्हणणं, ती दोन वर्षं गाळून टाकूया, मुलांना कशाला? चांगल्या आठवणींची वही आहे ना ही? त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. वडील आणि काका, दोघेही त्या वेळी सोप्यावर शेजारी बसून सुपारी कातरत होते. भांडण केव्हाच मिटलं होतं. मिटलेली गोष्ट उकरायची कशासाठी? मी मात्र कचेरीतला माणूस. फायलीतलं पान काढलं की पुढच्या माणसाला पानाच्या आकड्यावरून ते कळतंच, आणि मग तो नसलेल्या पानाबद्दल खऱ्यापेक्षा वाईट काहीतरी धरून चालतो. आमचा वाद बराच वेळ चालला. शेवटी काका आतून म्हणाले, "बरय रे. बरयलें ना जाल्यार कोणाक कळटलें?"

मग वडिलांनी जे सांगितलं ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दोन्ही चवथींना, रात्री निजानीज झाल्यावर, काकी माझ्या धाकट्या बहिणीला मागच्या दारी बोलावून नेवऱ्यांचा डबा द्यायची. बहीण तेव्हा लहान होती. "खंयच्यो म्हण विचारल्यार, शेजारणीन दिल्यो म्हण सांग." आईने पहिल्याच घासाला त्या ओळखल्या होत्या. वडिलांनीही ओळखल्या. दोघेही काही बोलले नाहीत आणि डबा रिकामा न पाठवता त्यात तवशी घालून पाठवत राहिले. काकांना हे वीस वर्षांनी, त्या दुपारी, आमच्यासमोर कळलं. ते उठले, चष्मा पुसला आणि राजांगणात तुळशीपाशी जरा वेळ उभे राहिले.

त्या पानावर आता एवढंच आहे: "२००३ आणि २००४. या दोन वर्षी घरात दोन चुली होत्या. फोटो नाहीत. नेवऱ्या मागच्या दाराने येत होत्या." अक्षर माझ्या बहिणीचं.

आपल्या गोव्यात काही घराण्यांत चवथीला मातीची मूर्ती नसते, कागदावर काढलेला गणपती पुजतात. इन्क्विझिशनच्या काळाशी ती प्रथा जोडतात. मूर्ती लपवणं कठीण, कागद गुंडाळून ठेवता येतो. १५६० ते १८१२ हा केवढा मोठा काळ! लहानपणी अशा एका घरी मी तो गणपती पाहिला होता आणि मला तो गरीब वाटला होता. आता त्या घराचं कौतुक वाटतं. कागद कितीही नाजूक असला तरी कोणीतरी दर वर्षी तो उघडून पाहणारं असेल तर टिकतो. आमची वहीही चवथीलाच उघडते, बाकी वर्षभर कापडात गुंडाळलेली असते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या चवथीला, कामगिरी ठरवायची पाळी पुतणीची होती. ती आता कॉलेजात आहे. तिने सांगितलं, "काका, यंदा फोटो काढणारा फोटोत हवा आणि रांधणारी बाहेर हवी." मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, जरा इकडे बघ. ती वळलीच नाही. "म्हजो कित्याक? तेल तापलां."

मला क्षणभर काही सुचेना. तिने काकीचं ते वाक्य ऐकलेलंही नसेल. मोबाइल मुलाच्या हातात दिला, पाट ओढला आणि नेवऱ्या भरायला बसलो. लाटी कशी धरायची, चूण किती घालायचं, कातण्याने कड कशी कापायची, यातलं मला काहीच येत नव्हतं. पहिली नेवरी तेलात सोडली आणि फुटली. गूळ-खोबरं कढईभर. बायको वैतागली आणि मग हसली. मुलाने नेमका तेव्हा फोटो काढला.

बारांत त्या फोटोची निवड झाली. स्वयंपाकघर अंधारं आलं आहे, मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावरची तारीख वाचता येते. खाली काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बायकोने पेन्सिल हातात घेतली आणि लिहिलं:

"नेवऱ्या २१०. एक ह्यांनी फोडली."